रस्ता सुस्थितीत आहे

पिरेनीज पर्वतातला तूरमाले हा घाट समुद्रसपाटीपासून २,११५ मीटर उंचीवर आहे. १९१० च्या ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीत तो घेता येईल की नाही, हे पाहण्यासाठी शर्यत भरवणाऱ्या वृत्तपत्राने आपला अल्फोन्स स्तैनेस हा माणूस तिकडे पाठवला. बर्फामुळे त्याची मोटार माथ्याच्या अलीकडेच अडकली आणि चालकाने पुढे यायला नकार दिला. स्तैनेस अंधारात पायीच निघाला, वाटेत घसरून पडला, भिजला, आणि पलीकडच्या गावातल्या लोकांच्या हाती लागला तेव्हा रात्र बरीच उलटून गेली होती. एवढे सगळे भोगून झाल्यावर त्याने पॅरिसला तार केली, आणि तिचा आशय असा होता की तूरमाले ओलांडला, रस्ता फार चांगला आहे, जायला काही अडचण नाही. (फ्रेंच लोक त्या शर्यतीच्या नावाचा उच्चार ‘तूर’ असा करतात, पण आमच्याकडे तूर म्हणजे कपाशीच्या ओळींमध्ये पेरतात ते पीक, म्हणून या लेखात ‘टूर’च बरे.)

विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या माणसाला या तारेचे फारसे नवल वाटू नये. सप्टेंबरअखेर आमच्या गावांची नजर पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले याचा सरकारी अंदाज, जाहीर होते, मग सुधारित पैसेवारी येते आणि डिसेंबरअखेर अंतिम. पीक पन्नास पैशांच्या वर दाखवले गेले की दुष्काळी सवलतींची वाट बंद होते. सोयाबीन शेतातच कुजले असताना कागदावर मात्र पीक बरे असल्याचे ज्याने एकदा वाचले आहे, त्याला स्तैनेसची तार ओळखीची वाटते. फरक इतकाच, की स्तैनेस निदान त्या बर्फातून स्वतः चालून आला होता.

ही गोष्ट आज काढण्याचे कारण असे. टप्प्याटप्प्याने चालणारी आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पुणे जिल्ह्यात जानेवारी २०२६ साठी आखली गेली आणि तिच्या मार्गावरचे रस्ते नव्याने करण्याचे काम हाती घेतले गेले. असे काही पश्चिमेकडे झाले की ‘मग विदर्भात का नाही’ हा प्रश्न आमच्याकडे आपोआप उठतो. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजून दाखवल्यापासून सिंचन असो, रस्ते असोत, नोकऱ्या असोत, आम्हाला सगळेच अनुशेषाच्या भाषेत बोलायची सवय लागली आहे; आता त्यात सायकल शर्यतीचीही भर पडेल. चिखलदऱ्याचा घाट आहे, मेळघाटची किनार आहे, लोणारचे सरोवर आहे, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते, तेव्हा परंपराही आहे. मी स्वतः या मागणीच्या बाजूचा आहे. माझा वाद आहे तो अशा शर्यतीसाठी जे कारण नेहमी पुढे केले जाते त्याच्याशी. आमचा माणूस कष्टाळू आहे, उन्हातान्हात राबणारा आहे, त्यामुळे ही अतिकष्टाची स्पर्धा त्याच्यासाठीच बनलेली आहे, असे म्हटले जाते. टूरचा इतिहास नीट वाचला तर नेमके या वाक्यापासून सावध राहावेसे वाटते.

मुळात ही शर्यत कष्टाच्या पूजेसाठी निघालेली नव्हती; ती निघाली वर्तमानपत्राचा खप वाढवण्यासाठी. ‘लोतो’ या पॅरिसच्या क्रीडादैनिकाला ‘ल व्हेलो’ या प्रतिस्पर्ध्याने जेरीस आणले होते. संपादक आंरी देग्रांज याच्या हाताखालच्या जेओ लेफेव्र या तरुण पत्रकाराने सबंध फ्रान्सला वळसा घालणाऱ्या शर्यतीची कल्पना मांडली आणि १ जुलै १९०३ रोजी पॅरिसजवळच्या माँजरों गावातून साठ स्वार निघाले. टप्पे सहा, अंतर २,४२८ किलोमीटर. पॅरिस ते लियों हा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरचा होता, म्हणजे अमरावतीहून निघून औरंगाबाद ओलांडून बरेच पुढे गेल्यासारखा, आणि तोही एका दमात, रात्रीचा प्रवास धरून. शेवटपर्यंत पोहोचले एकवीस. जिंकला तो मोरिस गारँ, लहानपणी धुरांडी साफ करण्याचे काम केलेला माणूस, आणि दुसऱ्या क्रमांकावर त्याची आघाडी तीन तासांच्या आसपास होती. ‘लोतो’चा खप पंचवीस हजारांच्या घरातून पासष्ट हजारांच्या घरात गेला. ‘ल व्हेलो’ पुढच्याच वर्षी बंद पडले.

पण खपासाठी सुरू झालेली ही गोष्ट लोकांनी मात्र वेगळ्याच कारणाने आपली मानली. बाकीचे खेळ पाहायला माणसाला मैदानावर जावे लागते, तिकीट काढावे लागते; इथे खेळच गावातून जात होता. स्वतःच्या दारात खुर्ची टाकून, शेताच्या धुऱ्यावर बसून तो पाहता येत होता. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी निघते, महिनाभर मुक्काम करत जाते आणि वाटेतल्या गावांना आपल्या वाट्याला आलेला एक मुक्काम वर्षभर पुरतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना टप्प्यांच्या शर्यतीचे गावांशी असलेले नाते वेगळे समजावून सांगायला नको. (सायकलस्वार भक्तीने जात नाहीत आणि वारकरी एकमेकांना मागे टाकायला निघत नाहीत, हे मान्यच आहे, साम्य आहे ते वाटेवरच्या गावांत.) अर्थात गाव आपले मानते तेव्हा ते पक्षपातही करते. १९०४ च्या दुसऱ्याच शर्यतीत लोकांनी रस्त्यावर खिळे टाकले, सेंत-एतिएनजवळ रात्री आपल्या गावच्या स्वाराच्या प्रतिस्पर्ध्यांना मारहाण केली, आणि स्वारांपैकी काहींनी रेल्वेचाही आधार घेतला. पुढे चौकशी होऊन पहिले चारही क्रमांक बाद झाले आणि विजेतेपद आंरी कोर्ने या जेमतेम विशीला टेकलेल्या पोराकडे गेले. आमच्या जत्रेतल्या कुस्त्यांची दंगल ज्याने पाहिली आहे त्याला इथे परके काहीच वाटणार नाही.

आता कष्टाकडे येतो. डोंगर देग्रांजने उभे केले नव्हते, पण डोंगराहून कठीण नियम त्यानेच लिहिले. केवळ एकच स्वार पॅरिसला पोहोचेल ती शर्यत आदर्श, असे त्याचे मत सांगितले जाते. स्वाराने कोणाचीही मदत घ्यायची नाही, सायकल मोडली तर स्वतः दुरुस्त करायची, जे सामान घेऊन निघाला ते सगळे घेऊनच पोहोचायचे. उतार-चढ पाहून गिअर बदलण्याचे यंत्र फ्रान्समधल्या हौशी सायकलस्वारांकडे विसाव्या शतकाच्या आरंभीच आले होते. टूरच्या स्वारांना मात्र ते १९३७ पर्यंत वापरू दिले गेले नाही. स्वार चढाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक उलटे बसवत, कारण त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या असत. हाताशी असलेले साधन नाकारायचे आणि त्यातून वाढलेल्या श्रमाला शौर्य म्हणायचे, ही त्या नियमांची रीत होती.

त्यातली एक हकिगत मी तपशीलवार सांगतो, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्यात आहे. १९१३ च्या शर्यतीत यूजेन क्रिस्तोफ हा स्वार जिंकण्याच्या बेतात होता. तूरमाले उतरताना त्याच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा दुपाखी दांडा, मोडला. नवी सायकल घेणे नियमात नव्हते. त्याने मोडकी सायकल खांद्यावर टाकली आणि दहाएक किलोमीटर उतरण चालत सँत-मारी-द-कांपाँ या गावी तो पोहोचला. मागचे स्वार एकेक करून पुढे निघून जात होते. गावात लोहाराची भट्टी होती. लोहाराने हात लावायचा नव्हता; क्रिस्तोफने स्वतः लोखंड तापवले, ठोकले, जोडले. शर्यतीचे पंच तिथेच उभे राहून तो कोणाची मदत तर घेत नाही ना हे पाहत होते. एका हाताने सांडशी धरायची, दुसऱ्याने घण मारायचा, मग भाता कोणी चालवायचा? लोहाराच्या दुकानातल्या एका पोराने भाता ओढला. या मदतीबद्दल क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला. तो नंतर तीन मिनिटांवर आणला गेला. सगळी धडपड धरून त्याचे तीनेक तासांहून अधिक गेले होते, म्हणजे दंडाने निकालात काही फरक पडणारच नव्हता. तरीही दंड झाला.

ही गोष्ट सायकलवेडे लोक आजही डोळ्यांत पाणी आणून सांगतात आणि त्या गावात तिची स्मृतिपाटीही आहे. क्रिस्तोफच्या चिकाटीला नमस्कार करावा हे मलाही पटते. पण माझी नजर तिथे उभ्या असलेल्या पंचांवर जाते. ते कोणाच्या वतीने उभे होते? ज्या वृत्तपत्राचा अंक दुसऱ्या दिवशी हीच गोष्ट छापून जास्त खपणार होता, त्याच्या वतीने. आमच्याकडे गुढीपाडव्याला सालदार ठरतो, वर्षभराच्या कामाची बोली होते, आणि पूर्वी त्या बोलीत दिवस कधी सुरू होतो नि कधी संपतो याचा उल्लेख नसे. आमचा सालदार किती इमानी, रात्री ओलितालाही तोच जातो, असे कौतुक मात्र बैठकीत रंगे. माझ्या लहानपणी ते कौतुक मी पुष्कळ ऐकले आहे आणि त्या वयात ते मला खरेही वाटत असे. ज्याच्या श्रमावर दुसऱ्याचे चालते त्याचे कौतुक करायला खर्च लागत नाही. कापूस उत्पादक शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणणाऱ्या भाषणांचे गणितही याहून निराळे नाही.

क्रिस्तोफचे दुर्दैव तिथेच संपले नाही. १९१९ मध्ये, महायुद्धानंतरच्या पहिल्या शर्यतीत, आघाडीवरचा स्वार गर्दीत ओळखू यावा म्हणून पिवळी जर्सी सुरू झाली आणि ती अंगावर घालणारा पहिला माणूस क्रिस्तोफच होता. (पिवळी का, तर ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापले जात असे.) शेवटून दुसऱ्या टप्प्यात त्याचा फोर्क पुन्हा मोडला आणि जर्सी गेली. वाचकांनी वर्गणी काढून त्याला पैसे दिले. वर्गणी देणारे हात चांगलेच होते. पण फोर्क मोडल्यावर सायकल बदलू द्या, असा नियम मात्र त्या वर्गणीतून आला नाही. आत्महत्या झालेल्या घरी धान्याचे पोते घेऊन येणारी माणसे आम्हीही पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मनात अढी नाही. वर्गणीने दरवर्षीचा भाव ठरत नाही, इतकेच माझे म्हणणे.

नियम बदलले ते भांडणातून. १९२४ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए सकाळच्या थंडीत दोन जर्सी घालून निघाला. ऊन चढल्यावर एक काढून टाकता येईल का, तर नाही, कारण सामान टाकायचे नाही. अधिकाऱ्याने त्याची जर्सी वर करून आत किती आहेत हे तपासले. कुताँस गावी आंरी, त्याचा भाऊ फ्रान्सिस आणि मोरिस व्हिल या तिघांनी शर्यत सोडली आणि आल्बेर लाँद्र या पत्रकारासमोर आपल्या पिशव्या रिकाम्या केल्या: डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, आणि गोळ्या. लाँद्र नुकताच फ्रेंच गयानातल्या काळ्या पाण्याच्या वसाहतीवर लिहून आलेला होता. टूरच्या स्वारांना त्याच्या लेखनामुळे ‘रस्त्यावरचे सक्तमजूर’ ही ओळख चिकटली. देग्रांजला ते झोंबले. पण १९३० पासून यांत्रिक मदत घेण्याची मुभा मिळाली, १९३७ मध्ये गिअर आले, आणि पुढच्या दशकांत टप्प्यांची लांबी कमी होत गेली. १९२६ ची शर्यत ५,७४५ किलोमीटरची होती. आजची साडेतीन हजारांच्या आत असते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. कष्ट कमी केले तर उरते काय? ज्या शर्यतीत मदतीची गाडी मागे आहे, मोडलेले चाक दहा सेकंदांत बदलले जाते, तिला कसली कसोटी म्हणायचे? माझे उत्तर असे की कष्ट कमी झालेच नाहीत, त्यांतले निरर्थक तेवढे गेले. तूरमाले आजही तितकाच उंच आहे. १९८९ मध्ये ३,२८५ किलोमीटरच्या शर्यतीनंतर ग्रेग लेमाँडने लोराँ फिन्याँला केवळ आठ सेकंदांनी हरवले. २०२४ च्या महिलांच्या टूरमध्ये कासिया न्येवियादोमा आणि डेमी व्होलेरिंग यांच्यातले अंतर चार सेकंदांचे होते, आणि ते आल्प द्यूएझच्या चढावर ठरले. गारँच्या तीन तासांच्या आघाडीपेक्षा हे चार सेकंद मला अधिक चुरशीचे वाटतात, कारण त्यांत नशिबाचा, मोडक्या फोर्कचा आणि पंचांच्या लहरीचा वाटा कमी आहे. माणसाला माणसाशी लढू द्यायचे असेल तर त्याला आधी लोहारकामातून मोकळे केले पाहिजे.

हा विचार आम्हाला नवा नसावा, कारण बैलांच्या बाबतीत आम्ही तो नुकताच शिकलो आहोत. तळेगाव दशासरसारख्या गावचा शंकरपट ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की जोडी कशी सेकंदांवर मोजली जाते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या तेव्हा आम्ही पुष्कळ रागावलो. २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा दुरुस्त कायदा घटनापीठाने वैध ठरवला. पण तोवर तुतारी (बैल हाकायची अणकुचीदार काठी) टोचायची नाही, चाबूक मारायचा नाही, शेपूट पिरगाळायचे नाही, पशुवैद्याची तपासणी हवी, हे सगळे मान्य करावे लागले. तुतारीशिवाय बैल पळणारच नाही असे म्हणणारे आमच्याकडे कमी नव्हते. पट पुन्हा भरतात, बैल पळतात आणि माणसे पूर्वीसारखीच गर्दी करतात. बैलासाठी जे आम्ही कायद्याच्या धाकाने का होईना स्वीकारले, ते माणसासाठी आधीच लिहून ठेवायला हरकत काय आहे?

विदर्भाच्या संदर्भात तर हे तातडीचे आहे, कारण आमच्याकडे ऊन आहे. १३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्प्सन हा इंग्लंडचा स्वार माँ व्हाँतू या उघड्या-बोडक्या डोंगरावर, माथा दीडएक किलोमीटरवर राहिला असताना, कडक उन्हात कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात ॲम्फेटामिन सापडले, आणि त्या काळात स्वारांना मिळणारे पाणीही मोजके असे. वाटेतल्या कॅफेंमध्ये घुसून जे हाती लागेल ते पिण्याची तेव्हा रीतच होती. उत्तेजकांचा प्रश्न त्यानंतर सुटला असे नाही. १९९८ मध्ये एका संघाच्या गाडीत औषधांचा साठाच सापडला, आणि लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ही सातही विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेतली गेली. पण पाणी, डॉक्टर आणि सावली यांबाबतची समज बदलली, आणि आता अतिउष्ण हवामानात टप्पा लहान करण्याची किंवा वेळ बदलण्याची तरतूद आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. २००३ पासून हेल्मेटही सक्तीचे आहे. ‘आमच्या पोरांना ४५ अंशांची सवय आहे’ हे वाक्य जेव्हा कानावर पडेल, तेव्हा व्हाँतूवरचा तो दीड किलोमीटर आठवावा. सवय असलेली माणसेही आमच्याकडे मे महिन्यात उष्माघाताने शेतात मरतात.

तेव्हा शर्यत घ्यायची तर नोव्हेंबर ते जानेवारी. पण मग दुसरी अडचण उभी राहते, आणि तिच्याकडे मुंबईत बसून मार्ग आखणाऱ्याचे लक्ष जाणार नाही. हे दिवस कापूस वेचणीचे. कापूस भरलेल्या गाड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर जिनिंगच्या फाटकापर्यंत रांग लावतात. मोर्शी-वरुडकडे संत्र्याचे ट्रक भरले जात असतात. तुरीला शेंगा धरलेल्या असतात. रस्ता चार तास बंद राहिला तर एसटी थांबेल, मजुरांचा ऑटो थांबेल, आणि ज्याचा कापूस रांगेत उभा आहे त्याला एक रात्र गाडीवर काढावी लागेल. त्या रात्रीचे भाडे कोण देणार, हे शर्यतीच्या अंदाजपत्रकात लिहिलेले असले पाहिजे. चिखलदऱ्याचा टप्पा व्याघ्र प्रकल्पाच्या अंगाने जातो. तिथे वनविभागाचे ऐकूनच गाड्यांची संख्या आणि गोंगाट ठरवावा लागेल. परतवाड्याहून वर चढणारा तो साधारण तीस किलोमीटरचा रस्ता सायकलस्वारांसाठी खरोखर देखणा आहे, पण वाघाला त्याची वाहवा ऐकण्यात रस नसतो.

सार्वजनिक रस्त्यावर खेळ आणला की सार्वजनिक प्रश्नही त्याच्याबरोबर येतात, हेही शर्यतीच्या इतिहासात आहे. १९८२ मध्ये देनँ गावच्या पोलाद कामगारांनी कारखाना बंद होऊ नये म्हणून रस्ता अडवला आणि तो टप्पा रद्द करावा लागला. २०१८ मध्ये शेतकऱ्यांनी गवताच्या गंज्या रस्त्यावर टाकल्या. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो वाऱ्याने स्वारांच्या डोळ्यांत गेला आणि शर्यत पंधराएक मिनिटे थांबली. आमच्या सोयाबीनला हमीभाव न मिळालेल्या वर्षी शर्यत गावातून गेली तर रास्ता रोको होणार, हे मी आजच सांगून ठेवतो. ज्यांना नुसती रंगीबेरंगी शर्यत हवी, वाटेवरचे लोक नकोत, त्यांनी ती बंदिस्त मैदानात घ्यावी.

इतके सगळे सांगूनही मी शर्यतीच्या बाजूने का आहे? कोलंबियामुळे. १९५१ मध्ये तो देश यादवी हिंसाचाराने होरपळत असताना, डांबर फारसे कुठे नसताना, तिथे ‘व्हुएल्ता अ कोलंबिया’ ही टप्प्यांची शर्यत सुरू झाली. पहिला विजेता एफ्राईन फोरेरो हा सिपाकिरा या गावचा. माळीकाम केलेला लुचो हेरेरा १९८७ मध्ये स्पेनची शर्यत जिंकला. शेतकऱ्याचा मुलगा नैरो किंताना २०१४ मध्ये इटलीची. आणि २०१९ मध्ये एगान बेर्नाल टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला लॅटिन अमेरिकी झाला, तोही सिपाकिऱ्यातच वाढलेला. त्या गावचा पहिला विजय आणि हा विजय यांत अडुसष्ट वर्षांचे अंतर आहे. एका जानेवारीत फटाके वाजवून, पाहुण्या परदेशी स्वारांना हार घालून, पुढच्या वर्षी निधी दुसरीकडे वळवला तर आमच्या वाट्याला फक्त उखडलेल्या कमानी येतील. दरवर्षी, लहान प्रमाणात, तालुक्याच्या पोरांना भाग घेता येईल अशी शर्यत वीस वर्षे चालवण्याची तयारी नसेल तर तिची मागणीच करू नये असे माझे मत आहे.

आणि ती सुरू करायची तर मुलींपासून. हे मी पुरोगामी दिसण्यासाठी म्हणत नाही. साधा व्यवहार म्हणून म्हणतो. आमच्या गावात आज सायकल कोण चालवते? पोरगे दहावीला गेले की मोटारसायकल मागते आणि बाप कर्ज काढून ती घेतो. सायकलवर रोज जातात त्या मुली. मानव विकास मिशनमधून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या आणि सकाळ-संध्याकाळ फाट्यापर्यंत त्यांची रांग दिसू लागली. मी ज्या काळात बापाच्या उंच सायकलच्या दांडीखालून पाय घालून, आम्ही त्याला कैची म्हणत असू, सायकल शिकलो, तेव्हा गावात एकही मुलगी सायकलवर नव्हती. फ्रान्सने स्त्रियांची टूर १९८४ मध्ये सुरू केली, काही वर्षांत गुंडाळली आणि थेट २०२२ मध्ये पुन्हा नीट उभी केली; त्या वर्षी पुरुष विजेत्याला पाच लाख युरो होते आणि महिला विजेतीला पन्नास हजार. त्यांच्या या चुका गिरवत बसण्याची आम्हाला गरज नाही.

शर्यतीसाठी रस्ते होतील असे सांगितले जाते, आणि ते खरेही असेल. पण आमच्याकडे नवा रस्ता होतो म्हणजे मधला डांबराचा पट्टा वर उचलला जातो आणि कडेची साइडपट्टी मुरूम न भरताच राहते. मग डांबराच्या कडेला चार-सहा इंचांची उभी पायरी तयार होते. समोरून ऊस किंवा कापूस भरलेला ट्रक आला की सायकलवरच्या मुलीने त्या पायरीवरून खाली उतरायचे असते, दप्तर पाठीवर असताना, आणि ट्रक गेल्यावर सायकल उचलून पुन्हा वर यायचे असते. व्यावसायिक स्वार रस्त्याच्या मध्यातून जाईल, वाहतूक बंद असेल, त्याला साइडपट्टीशी काही देणेघेणे नसेल. म्हणून शर्यतीच्या मार्गाची निविदा निघेल तेव्हा तीत दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या मुरूम टाकून, दाबून, डांबराच्या पातळीला आणण्याची बाब वेगळी लिहिलेली असावी. ते काम शर्यतीच्या आधी तपासले जावे. आणि तपासणीचा अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने तो रस्ता मोटारीतून न पाहता, शाळा सुटण्याच्या वेळी, सायकलवरून एकदा पार केलेला असावा.